ऑइलच्या झाकणाखाली पांढरा थर, चेंबरमध्ये गाळ, फिल्टरमध्ये चमचम: इंजिन खोलण्याआधीच्या तपासणीचा क्रम

पाऊस सुरू होऊन महिना झाला की ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या गॅरेजमध्ये एक संवाद रोज ऐकू येतो. ऑइल भरायचं झाकण उघडलं, आतून पिवळसर-पांढरा मऊ थर निघाला. मेकॅनिक म्हणतो, "साहेब, हेड गॅस्केट गेलंय, हेड खोलावं लागेल." हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, आणि तो व खालचा भाग यांच्या मधलं सील म्हणजे हेड गॅस्केट. नवीन गाडीवाला घाबरून हो म्हणतो. यातल्या बऱ्याच गाड्यांच्या हेडला काहीही झालेलं नसतं. उलट बाजूचं नुकसानही तितकंच खरं आहे. ड्रेन केलेल्या ऑइलमध्ये तांबूस कण चमकत असतात, ते कोणी बघत नाही, नवीन ऑइल भरून गाडी रस्त्यावर जाते आणि पुढच्या काही शे किलोमीटरमध्ये क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) खराब होतो.

साका, म्हणजे असा थर किंवा गाळ, एकटा काहीच सिद्ध करत नाही. तो कुठे सापडला, ऑइलची पातळी काय आहे आणि इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटची काय, या तीन गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय पाना लावू नका. पहिली गाडी घेतलेल्या किंवा जुनी गाडी विकत घेणाऱ्या कोणालाही हा क्रम घरच्या पार्किंगमध्ये बराचसा करता येतो.

आधी हे जवळ ठेवा

- पांढरं सुती फडकं किंवा पांढरा टिश्यू. रंगीत चिंधीवर रंग कळत नाही.
- चांगला टॉर्च. मोबाइलच्या उजेडात धातूचे कण सुटतात.
- लहान पण ताकदीचं चुंबक, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, म्हणजे चिकटलेले कण पिशवीसकट काढता येतात.
- १०० मिलिलिटरच्या दोन कोरड्या, स्वच्छ बाटल्या.
- जाड गाळण कागद किंवा टीपकागद.
- ड्रेन बोल्टच्या मापाचा पाना, नवीन वॉशर, नवीन फिल्टर, पसरट ट्रे, जॅक आणि दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड). नुसत्या जॅकवर गाडी उभी करून खाली कधीही जाऊ नका.
- साधा ओबीडी स्कॅनर, जो गाडीच्या संगणकाला जोडला की मोबाइलवर कूलंटचं तापमान दाखवतो.
- कागदपत्रं: गाडीचं मॅन्युअल, सर्व्हिसची सगळी बिलं, वॉरंटीची पुस्तिका, विम्याची पॉलिसी. पॉलिसीत इंजिन प्रोटेक्शनचं जोडकवच आहे का ते आजच बघून ठेवा.

सोसायटीच्या पोडियमवर काम करणार असाल तर खाली जाड पुठ्ठा अंथरा. ऑइलचा डाग काँक्रीटमधून निघत नाही आणि त्यावरून दुचाकी घसरते.

## १. गार इंजिनवर पाहणी, आणि आधी फोटो

गाडी रात्रभर सपाट जागी उभी असू द्या. सकाळी सुरू न करता झाकण उघडा, डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढा, कूलंटच्या टाकीत डोकवा. काहीही पुसण्याआधी फोटो घ्या, एका फोटोत किलोमीटरचा आकडा येऊ द्या. पुढे वॉरंटी किंवा विम्याचा प्रश्न आला तर हेच फोटो उपयोगी पडतात. पुसल्यानंतर पुरावा उरत नाही.

रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण गरम इंजिनवर उघडायचं नाही. आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

## २. साका नेमका कुठे आहे

फक्त झाकणाच्या आत, किंवा डिपस्टिकच्या वरच्या भागात, म्हणजे ऑइल पोहोचत नाही तिथे थर असेल, तर तो बहुधा वाफेचा आहे. डिपस्टिकच्या टोकाला, दोन खुणांच्या मधे, ऑइलच दुधाळ दिसत असेल तर पाणी खाली चेंबरपर्यंत, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीपर्यंत, गेलेलं आहे आणि प्रकरण वेगळं आहे.

झाकणाखाली टॉर्च मारा. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि हेडचा आतला भाग दिसतो. धातूवर पारदर्शक सोनेरी-तपकिरी झाक असेल तर ते वार्निश, जुन्या इंजिनला चालतं. बोटाने खरवडला जाणारा काळा थर म्हणजे स्लज. त्याची गोष्ट पुढे आहे.

डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर काही शे किलोमीटरमध्ये काळं होतं, हा दोष नाही. काजळी धरून ठेवणं हे त्या ऑइलचं कामच आहे. थेट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल गाड्यांतही ऑइल लवकर काळवंडतं.

## ३. दोन पातळ्या, सात दिवस

डिपस्टिक पुसून पुन्हा घाला, पातळी वाचा, लिहा. कूलंटच्या टाकीवर मार्करने आजच्या पातळीची रेघ मारा. रोज सकाळी, गार इंजिनवर, आठवडाभर नोंद ठेवा.

ऑइल वाढतंय आणि कूलंट घटतंय, तर कूलंट ऑइलमध्ये जात असल्याचा दाट संशय. ऑइल वाढतंय पण कूलंट जिथल्या तिथे, तर इंधन मिसळतंय. दोन्ही स्थिर आणि थर फक्त झाकणावर, तर वाफ. कूलंट घटतंय आणि ऑइल स्वच्छ, तर आधी होज, रेडिएटर, वॉटर पंप यांची बाहेरची गळती शोधा.

## ४. पांढरा थर: वाफ की कूलंट?

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. सीएनजीत हे प्रमाण आणखी जास्त: एक किलो शुद्ध मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांमधून चेंबरमध्ये उतरते. ऑइल पुरेसं गरम झालं आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (चेंबरमधली वाफ आणि गॅस ओढून घेणारा) नीट चालत असला की ती उडून जाते. ऑइल गरमच झालं नाही तर वाफ सर्वांत गार जागी, म्हणजे झाकणाखाली, जमते आणि ऑइलमध्ये घुसळून पांढरा थर होतो.

आता आपल्याकडचा वापर बघा. कोपरखैरणेहून वाशी स्टेशन, पाचपाखाडीहून शाळा आणि परत, तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या. हवेत खाडीचा दमटपणा आणि चार महिने पाऊस. त्यात सीएनजी. किंवा हायब्रीड, ज्याचं इंजिन सिग्नलला सारखं बंद होतं. अशा गाडीच्या झाकणाखाली ऑगस्टमध्ये थर दिसणं अपेक्षितच आहे.

तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. गाडी सुरू केल्यावर निळा दिवा गेला म्हणजे कूलंट थोडं गरम झालं, एवढंच. ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं.

पुसून बघण्याची चाचणी. झाकण पूर्ण पुसा. नंतर गाडी किमान २५-३० किलोमीटर सलग चालवा. ठाणे-बेलापूर रोड पहाटे, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, पाम बीच रोड, कोणताही वाहता रस्ता चालेल, घोडबंदर रोडची गर्दीची वेळ चालणार नाही. तीन दिवसांत अशा दोन फेऱ्या करा आणि झाकण बघा. थर आला नाही किंवा नाममात्र आला, तर विषय संपला. लांब फेऱ्या करूनही तसाच जाड थर परत आला, तर पुढे जा.

थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. हेडपर्यंत पोहोचण्याआधी हा बघायलाच हवा. ओबीडीवर कूलंटचं तापमान १०-१५ मिनिटांच्या चालवण्यात बहुतेक गाड्यांत ८५ ते ९५ अंशांच्या आसपास येऊन स्थिरावतं. ते ६५-७० वर घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, किंवा आधीच्या मालकाने तो काढूनच टाकलाय. "मुंबईच्या गरमीत थर्मोस्टॅट कशाला" हा सल्ला जुन्या गाड्यांत सर्रास पाळला गेलेला असतो आणि तो चुकीचा आहे. इंजिन कायम गार राहतं, पाणी उडत नाही, इंधनही जास्त जातं. जुनी गाडी घेताना हे तपासाच.

पीसीव्ही. इंजिन आयडलवर असताना झाकण काढून तोंडावर कागदाचा तुकडा ठेवा. बहुतेक पेट्रोल इंजिनांत तो हलका आत ओढला जातो. कागद उडाला आणि धूर बाहेर येत राहिला, तर व्हॉल्व्ह किंवा त्याची नळी तुंबलीय, नाहीतर रिंगांतून जास्त गॅस उतरतोय. सुटा निघणारा व्हॉल्व्ह हातात हलवला की टकटक वाजला पाहिजे. वाजत नसेल तर बदला, स्वस्त भाग आहे.

इथपर्यंत सगळं ठीक असूनही कूलंट घटत असेल, तरच हेड गॅस्केटचा विचार करा. त्यासाठीही चाचण्या आहेत, अंदाज नको.

- निळ्या द्रवाची चाचणी. कूलंटच्या तोंडावर नळी लावून आतली हवा निळ्या द्रवातून ओढतात. जळलेला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर द्रव पेट्रोल गाडीत पिवळा, डिझेलमध्ये हिरवट होतो. आधी कूलंटची पातळी थोडी कमी करतात. कूलंट नळीत ओढलं गेलं तर चाचणी फुकट जाते.
- प्रेशर टेस्ट. गार इंजिनवर हातपंपाने झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब देतात, छोट्या गाड्यांत तो बहुधा ०.९ ते १.१ बार असतो. वीस मिनिटांत काटा उतरला आणि बाहेर कुठेही ओल नाही, तर गळती आत आहे. स्पार्क प्लग काढून बघा: एक प्लग बाकीच्यांपेक्षा अगदी धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय.
- कॉम्प्रेशन. प्रत्येक सिलिंडरमधला दाब गेजने मोजतात. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर त्यांच्या मधली गॅस्केट फुटलीय.

एक फसवी जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते: ऑइल कूलर. बऱ्याच डिझेल आणि टर्बो इंजिनांत फिल्टरच्या बुडाशी पाण्याने गार होणारा छोटा कूलर असतो. गाडी चालू असताना ऑइलचा दाब ३-४ बार, कूलंटचा साधारण एक. म्हणून कूलरला आतून भेग गेली की आधी ऑइल कूलंटमध्ये जातं आणि टाकीत तपकिरी लिबलिबीत गाळ दिसतो. गाडी बंद झाली की उलटं होतं, गरम कूलंट ऑइलमध्ये उतरतं. कॉम्प्रेशन उत्तम, निळा द्रव निळाच, पण कूलंटच्या टाकीत ऑइल, असं असेल तर हेडला हात लावण्याआधी कूलर काढून त्याची प्रेशर टेस्ट करायला सांगा. एका कूलरच्या जागी अख्खं हेड उघडलं जाण्याचे प्रकार घडतात.

आणखी एक. बारीक गळतीत ऑइल दुधाळ दिसेलच असं नाही. लांब प्रवासात पाणी उडून जातं, पण कूलंटमधला ग्लायकॉल मागे राहतो, ऑइल घट्ट करतो, काळे चिकट गोळे बनवतो आणि बेरिंग खातो. ऑइल स्वच्छ दिसतंय म्हणून घटणारं कूलंट सोडून देऊ नका.

## ५. तव्यावरचा थेंब आणि कागदावरचा थेंब

ऑइलचा नमुना डिपस्टिकवरून किंवा ड्रेनमधून घ्या. झाकणावरचा थर घेतलात तर पाणी निघणारच, त्यातून काही कळत नाही.

पुन्हा स्वयंपाकाला वापरणार नाही असा जुना लोखंडी तवा घ्या. पाण्याचा थेंब टाकल्याबरोबर चुरचुरून नाचेल इतका तापवा. मग गॅस बंद करा, तवा गॅसपासून लांब न्या, डोळ्यांवर चष्मा लावा आणि ऑइलचा एकच थेंब टाका. नुसता पसरला तर पाणी नाही. तडतडला, बुडबुडे आले तर पाणी आहे. खात्रीसाठी शेजारी नव्या ऑइलचा थेंब टाकून तुलना करा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ही चाचणी करूच नका.

दुसरा थेंब टीपकागदावर टाकून रात्रभर आडवा ठेवा. काळा रंग मधून कडेपर्यंत हळूहळू फिकट होत गेला तर ऑइल अजून काजळी पेलतंय. मधोमध गडद, चिकट ठिपका आणि त्याला धारदार कडा दिसली तर ऑइलची ताकद संपलीय किंवा ग्लायकॉल मिसळलाय. बाहेर पिवळट, तेलकट, रुंद कडं आलं तर इंधनाचा संशय. ही चाचणी दिशा दाखवते, निकाल देत नाही.

## ६. काळा, घट्ट गाळ

कारणं ठरलेली आहेत: ऑइल बदलायला उशीर, तुंबलेला पीसीव्ही, हलकं किंवा बनावट ऑइल, आणि एकदा कडक तापलेलं इंजिन. वर्षाला १०,००० किलोमीटर होत नाहीत म्हणून दोन वर्षं ऑइल न बदलणारे खूप आहेत. मॅन्युअलमध्ये किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीचं इंजिन चालत राहतं, किलोमीटर मात्र वाढत नाहीत. ज्यांची रोजची वाट मुंब्रा बायपास किंवा घोडबंदर रोडने जाते त्यांनी किलोमीटरचा आकडा विसरावा.

इथे दोन सापळे आहेत. पहिला, "डिझेल टाकून इंजिन धुऊन देतो." डिझेलला वंगणाची ताकद नाही, आयडलवरही बेरिंग घासतात, आणि ते पूर्ण निघतही नाही. दुसरा, जुन्या जाड गाळावर कडक फ्लश. गाळाचे तुकडे एकदम सुटतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, वर कॅमला ऑइल मिळत नाही.

गाळ जास्त असेल तर चेंबर खाली उतरवून हाताने साफ करणं आणि पंपाची जाळी धुणं हाच खात्रीचा मार्ग आहे. गाळ मध्यम असेल तर मॅन्युअलमधल्या ग्रेडचं चांगलं ऑइल भरून दर २,००० ते ३,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलत जा, तीन-चार वेळा. वेळ लागतो पण इंजिन सुरक्षित राहतं. ग्रेड जाड करू नका. ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० टाकून गाळ कमी होत नाही.

## ७. चमचम: इथे गाडी थांबवायची

ड्रेन करताना ऑइल उन्हात धरून बघा आणि जुना फिल्टर फेकू देऊ नका. चेंबरमध्ये न दिसणारे कण फिल्टरच्या कागदात अडकलेले असतात.

लोखंडी डब्याचा फिल्टर हॅकसॉने कापू नका. करवतीचा स्वतःचा भुगा आत पडतो आणि नसलेला दोष दिसायला लागतो. फिल्टर कटर वापरा. फिल्टर उपडा ठेवून रात्रभर निथळू द्या, कापा, घड्यांचा कागद ब्लेडने सोडवा, दोन फळ्यांमध्ये दाबून ऑइल काढा आणि पांढऱ्या कागदावर उन्हात पसरा. मग चुंबक फिरवा.

- चुंबकाला चिकटणारी करडी, पिठासारखी बारीक पेस्ट: नेहमीची झीज. काळजी नको.
- चुंबकाला चिकटणारे, बोटांना टोचणारे चपटे कण: कॅम, टायमिंग चेन, ऑइल पंप किंवा सिलिंडर.
- चंदेरी पण चुंबकाला न चिकटणारे: ॲल्युमिनियम. पिस्टन, किंवा हल्लीच्या ॲल्युमिनियमच्या शेल बेरिंगा (क्रँक ज्यांत फिरतो त्या पातळ अर्धगोल पट्ट्या).
- तांबूस-पिवळे: शेल बेरिंगचा वरचा थर झिजून आतला उघडा पडलाय, किंवा टर्बोच्या बुशा गेल्यात.

नव्या गाडीच्या पहिल्या ऑइल बदलात थोडी बारीक चमचम आणि सीलंटचे एक-दोन कण निघणं साधारण आहे. ४०,००० किलोमीटर झालेल्या गाडीत तेच निघालं तर साधारण नाही.

डोळ्यांनी वेगळे मोजता येतील असे कण निघाले, त्यातही तांबूस, तर इंजिन सुरू करू नका. "नवीन ऑइल टाकून बघू" म्हणणं इथे सर्वांत महाग पडतं. गाडी टोइंगने गॅरेजला न्या आणि ऑइल प्रेशर स्विचच्या जागी घड्याळाचा गेज लावून दाब मोजायला सांगा. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. ढोबळ हिशेब असा की गरम इंजिनवर दर १,००० आरपीएमला निदान ०.७ बार दाब हवा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा यापेक्षा बराच उशिरा पेटतो. या टप्प्यावर चेंबर उतरवून शेल बेरिंगा बघितल्या तर क्रँक वाचू शकतो. आवाज येईपर्यंत थांबलात तर क्रँक घासून घ्यावा लागतो किंवा हाफ इंजिन (हेडखालचा भाग) बांधावं लागतं.

## ८. रबर, सीलंट, धागे

नारिंगी, करडे किंवा काळे रबरी दोरे म्हणजे आधी कोणीतरी चेंबर किंवा टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण) बसवताना जास्त सीलंट लावलंय. बाहेर फुगलेलं दिसतं तितकंच आत फुगलेलं असतं, ते तुटून पंपाच्या जाळीत जातं. चेंबर उतरवून जाळी साफ करा.

काळे रबरी चुरे आणि दातेरी धागे असतील तर टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो का ते शोधा. भारतात विकल्या गेलेल्या फोर्ड इकोस्पोर्टचं १.० इकोबूस्ट इंजिन अशा बांधणीचं आहे. या इंजिनांत चुकीचं ऑइल किंवा इंधन मिसळलेलं ऑइल बेल्ट फुगवतं आणि सोलतं. जुनी घेताना बेल्ट बदलल्याचं बिल मागा, तोंडी आश्वासन चालणार नाही.

## ९. पातळी वाढली आणि वास बदलला

डिपस्टिक नाकाजवळ न्या. इंधनाचा उग्र वास आणि बोटांत पातळ, निसटणारं ऑइल ही लक्षणं पुरेशी आहेत.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत हे जास्त दिसतं. धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं. ही क्रिया अर्धवट तुटली की काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. आयडल थोडं चढलेलं, गाडी बंद केल्यावरही पंखा चालू, जळका वास, अशी खूण दिसली तर गाडी लगेच बंद करू नका, १५-२० मिनिटं वाहत्या रस्त्यावर चालवा. रोज फक्त शहरात फिरणाऱ्या डिझेल गाडीला आठवड्यातून एकदा कळंबोलीहून एक्स्प्रेसवेवर किंवा अटल सेतूवर न्यायला हरकत नाही. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर थोडं ऑइल उपसून काढणं हा उपाय नाही, पूर्ण ऑइल बदला.

पेट्रोल गाडीत इंजेक्टर गळणं आणि मिसफायर ही कारणं तपासा.

## १०. पाण्यातून आलेली गाडी

ठाण्यात वंदना डेपोजवळ पाणी तुंबणं नवीन नाही, आणि नवी मुंबईत भरतीच्या वेळी मोठा पाऊस झाला की पाणी उतरायला वेळ लागतो. बोनेटपर्यंत पाणी चढलेली गाडी सुरू करू नका, चावी फिरवून बघायलाही नको. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत, पाण्यात बुडालेली गाडी सुरू केल्याने झालेलं इंजिनचं नुकसान सहसा नाकारलं जातं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पाण्याची रेघ दिसेल असे फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा, मगच टोइंग. एअर फिल्टरचा डबा ओला असेल तर प्लग काढून इंजिन हाताने फिरवायला सांगा. डिपस्टिकवर दुधाच्या कॉफीसारखं ऑइल असेल तर त्याच दिवशी ड्रेन करा. खाडीचं खारं पाणी बेरिंगांना लवकर गंज चढवतं. नवीन ऑइल आणि फिल्टर, पाच-दहा मिनिटं आयडल, पुन्हा ड्रेन, असं दुधाळपणा पूर्ण जाईपर्यंत. दोन-तीन फेऱ्या धरून चाला. गिअर ऑइलही तपासा, त्याच्या श्वासनळीतून पाणी शिरतं.

## ११. प्रयोगशाळा कधी

चाचण्या एकमेकींशी जुळत नसतील, किंवा मोठ्या खर्चाचा निर्णय असेल, तर वापरलेल्या ऑइलची तपासणी करून घ्या. कारखान्यांच्या यंत्रांसाठी ही तपासणी रोजची आहे. नमुना गरम इंजिनवर, ड्रेनची पहिली धार सोडून मधल्या धारेतून घ्या. पाण्याची रिकामी बाटली वापरू नका, एक थेंब पाणीही निकाल बिघडवतो. बाटलीवर ऑइलची ग्रेड, त्यावर झालेले किलोमीटर आणि मधे भरलेलं ऑइल लिहा.

निकालात सोडियम आणि पोटॅशियम वाढलेलं असेल तर कूलंट. काही ऑइलमध्ये सोडियम मुळातच असतं, म्हणून त्याच ऑइलचा नवा नमुना सोबत द्या. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम दोन्ही जास्त असतील तर धूळ, म्हणजे एअर फिल्टर नीट बसलेला नाही. रस्त्याची आणि बांधकामांची इतकी धूळ असताना फिल्टर नुसता फुंकून परत लावण्याची सवय सोडा. नुकतंच गॅस्केटचं काम झालं असेल आणि एकटा सिलिकॉन जास्त असेल तर तो सीलंटचा. शिसं, तांबं, कथील चढलेलं असेल तर बेरिंग.

## १२. गॅरेजमध्ये काय मागायचं

जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: "सात दिवसांत कूलंट इतकं घटलं, ऑइलची पातळी इतकी." हेड खोलायचं म्हटलं की विचारा, कोणती चाचणी केली आणि आकडा काय आला. आकडा नसेल तर खोलायला परवानगी देऊ नका. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेरच्या गॅरेजमध्ये काहीही उघडू देऊ नका.

हेड खरंच उतरवलं तर ते सरळ पट्टी आणि फीलर गेजने मोजून घ्या. बहुतेक छोट्या ॲल्युमिनियम हेडना वाक ०.०५ मिलिमीटरच्या आसपासच चालतो. न मोजता फेस मारणं (पृष्ठभाग घासून सपाट करणं) किंवा न मोजता परत बसवणं, दोन्ही चूक. मॅन्युअलमध्ये हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असं लिहिलं असेल तर नवीनच बसवायला सांगा. जुनी गॅस्केट मागून घ्या, फुटलेली जागा तिच्यावर काळ्या रेघेने दिसते. जोडणी झाल्यावर पहिलं ऑइल ५०० किलोमीटरच्या आत बदला. इंजिनातल्या ऑइलच्या वाटांमध्ये राहिलेलं कूलंट त्यातच निघतं.

ड्रेन केलेलं ऑइल आणि कूलंट वेगवेगळ्या डब्यांत भरा. वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. जे गॅरेज ते अधिकृत पुनर्प्रक्रियेला देतं त्याच्याकडे सोपवा. इथली गटारं आणि नाले ठाणे खाडीत जातात, जिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे. कूलंटचा डबा झाकणबंद ठेवा आणि सांडलेलं लगेच भरपूर पाण्यात भिजवलेल्या फडक्याने टिपून घ्या. ते चवीला गोड असतं, पार्किंगमधली कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्या प्रमाणातही त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात.